कार्ल रॉजर्सची मानसोपचारपद्धती : एक भाषिक विचार

मानसशास्त्राच्या मराठी परिभाषेत ‘समुपदेशन’ ही संज्ञा आता पूर्णपणे रूढ झाली आहे. शाळा, महाविद्यालये, रुग्णालये, कौटुंबिक न्यायालये अशा अनेक ठिकाणी समुपदेशकाची नेमणूक होते. आणि त्याच्याकडे जाणाऱ्या माणसाला तेथे काय मिळणार, याची पहिली कल्पना ही संज्ञाच देते. तिच्या पोटात ‘उपदेश’ हा शब्द आहे. ‘सम्’ या उपसर्गाने उपदेशाचा सूर सौम्य होत असेल. पण उपदेश नाहीसा होत नाही. ज्या ‘कौन्सेलिंग’ या इंग्रजी संज्ञेला हा पर्याय योजण्यात आला, ती मानसोपचाराच्या क्षेत्रात दृढ करण्याचे श्रेय बऱ्याच अंशी कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाकडे जाते. त्याची सारी पद्धती मात्र उपदेश टाळण्याच्या पायावर उभी आहे.

हा विरोध केवळ शब्दांचा नाही. दुःखात सापडलेला माणूस जे बोलतो त्याचा अर्थ अखेर कोणी ठरवावयाचा, त्याने की त्याचे ऐकणाऱ्या तज्ज्ञाने, हा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे. रॉजर्सने या प्रश्नाला दिलेले उत्तर मानसशास्त्रीय असले तरी ते ज्या साधनाने दिले ते साधन भाषेचे आहे. प्रस्तुत लेखात रॉजर्सची व्यावसायिक जडणघडण, त्याच्या पद्धतीची तत्त्वे आणि त्या पद्धतीतील वाक्यव्यवहार यांचा क्रमाने परामर्श घेतला असून, अखेरीस मराठीतून हे काम करताना उद्भवणाऱ्या काही प्रश्नांकडे लक्ष वेधले आहे. ‘क्लायंट’ या अर्थी लेखात ‘साहाय्यार्थी’ हा शब्द योजला आहे. त्याचे कारण ओघात येईल.

१. जडणघडण

कार्ल रॅन्सम रॉजर्सचा जन्म ८ जानेवारी १९०२ रोजी शिकागोजवळील ओक पार्क या उपनगरात झाला. घरातील वातावरण कडक प्रॉटेस्टंट शिस्तीचे व परिश्रमाला मोठे मोल देणारे होते. तो बारा वर्षांचा असताना कुटुंब शेतीवर राहावयास गेले. शेती शास्त्रीय पद्धतीने चालविण्याचा वडिलांचा आग्रह असल्याने पशुखाद्य, जमिनीचा कस अशा विषयांवरील ग्रंथ या मुलाच्या हाती लवकर पडले. एखाद्या खाद्याचा परिणाम ठरवावयाचा तर तुलनेसाठी दुसरा गट हवा आणि बाकीच्या गोष्टी शक्य तितक्या सारख्या ठेवावयास हव्यात, हा धडा त्याला या वाचनातून मिळाला. पुढे मानसोपचारासारख्या निसरड्या विषयात त्याने प्रयोगपद्धतीचा जो आग्रह धरला त्याचे बीज येथे आहे.

विस्कॉन्सिन विद्यापीठात त्याने आरंभी शेतकी हा विषय घेतला. पुढे धर्मसेवेच्या ओढीने तो इतिहासाकडे वळला. १९२२ साली ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या एका जागतिक परिषदेसाठी तो चीनला गेला. अनेक महिन्यांच्या त्या प्रवासात, प्रामाणिक माणसांच्या श्रद्धाही एकमेकींपासून फार भिन्न असू शकतात, हे त्याने अनुभवले आणि आईवडिलांच्या धर्मकल्पनांपासून तो दूर होत गेला. १९२४ मध्ये पदवी मिळाल्यावर त्याने न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत प्रवेश घेतला. विशिष्ट मतांवर श्रद्धा ठेवणे ही ज्या व्यवसायाची अटच आहे त्यात आपला निभाव लागणार नाही, असे वाटल्यावरून त्याने दोन वर्षांनी ती संस्था सोडली आणि समोरच असलेल्या कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात मानसशास्त्राचा अभ्यास सुरू केला. १९३१ साली त्याला डॉक्टरेट मिळाली. प्रबंधाचा विषय नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांच्या व्यक्तिमत्त्व-समायोजनाचे मापन हा होता.

यापूर्वीच, १९२८ मध्ये, रॉजर्स न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे बालकांच्या छळाला प्रतिबंध करणाऱ्या संस्थेच्या बाल-अध्ययन विभागात रुजू झाला होता. येथे त्याने बारा वर्षे काढली. न्यायालयांकडून व सामाजिक संस्थांकडून येणाऱ्या मुलांची तपासणी करणे, निदान करणे, पालकांशी बोलणे असे त्याचे काम होते. रॉजर्सने पुढे अनेकदा सांगितलेला एक प्रसंग याच काळातील आहे. एका द्वाड मुलाच्या आईशी त्याच्या मुलाखती चालू होत्या. मुलाच्या अडचणीचे मूळ आईने लहानपणी त्याला दिलेल्या नकारात आहे, असे रॉजर्सचे निदान होते आणि ते तिच्या गळी उतरविण्याचा प्रयत्न तो अनेक मुलाखतींतून सौम्यपणे करीत होता. ते साधले नाही. अखेर दोघांनीही हात टेकले आणि मुलाखती थांबविण्याचे ठरले. बाई दारापर्यंत गेली, वळली, आणि येथे मोठ्या माणसांनाही साहाय्य मिळते काय, असे तिने विचारले. होकार मिळताच ती परत खुर्चीत बसली आणि आपल्या वैवाहिक जीवनातील वैफल्याविषयी बोलू लागली. पूर्वीच्या ‘केस-हिस्टरी’त यातले काहीच नव्हते. खरा उपचार त्या क्षणी सुरू झाला आणि त्याचा मुलालाही लाभ झाला, असे रॉजर्सने नमूद केले आहे.

या प्रसंगातून त्याने काढलेला निष्कर्ष असा, की आपल्याला कोठे दुखते आणि कोणत्या दिशेने जावयाचे आहे हे त्या माणसालाच ठाऊक असते. उपचारकाला आपली हुशारी सिद्ध करावयाची नसेल, तर त्याने त्या माणसाच्या गतीवर विसंबावे. ऑटो रँक या मनोविश्लेषकाच्या विचारांचा, तसेच ते विचार आत्मसात केलेल्या समाजकार्यकर्त्यांच्या कामाचाही, त्याच्यावर याच काळात परिणाम झाला. उपचारात सिद्धांतापेक्षा प्रत्यक्ष संबंध मोलाचा, ही दृष्टी त्याला तेथे मिळाली.

२. ध्वनिमुद्रण आणि पुरावा

१९४० साली रॉजर्स ओहायो स्टेट विद्यापीठात प्राध्यापक झाला. त्याच वर्षी ११ डिसेंबर रोजी मिनेसोटा विद्यापीठात त्याने दिलेले व्याख्यान हा आपल्या पद्धतीचा जन्मदिवस होय, असे तो पुढे म्हणत असे. १९४२ मध्ये त्याचा ‘कौन्सेलिंग अँड सायकोथेरपी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. शीर्षकातील दोन्ही संज्ञा त्याने ग्रंथात जवळजवळ समानार्थी वापरल्या आहेत.

या ग्रंथाचे भाषाभ्यासकाच्या दृष्टीने विशेष महत्त्व त्याच्या अखेरच्या भागात आहे. ‘हर्बर्ट ब्रायन’ असे टोपणनाव दिलेल्या एका साहाय्यार्थीशी झालेल्या आठ मुलाखती तेथे ध्वनिमुद्रणावरून शब्दशः उतरवून छापल्या आहेत. संपूर्ण उपचाराचा असा शब्दशः वृत्तांत तोपर्यंत प्रसिद्ध झाला नव्हता. तत्पूर्वी उपचारकाच्या खोलीत काय घडले हे जगाला कळे ते उपचारकाच्या आठवणीतून. आणि आठवण ही निवड करीत असते. ओहायोमध्ये ध्वनिमुद्रण तबकड्यांवर होई व ती तबकडी काही मिनिटांतच बदलावी लागे. इतके कष्ट घेऊन जे हाती आले ते अनपेक्षित होते. मुलाखतीनंतर लिहिलेली टिपणे आणि प्रत्यक्ष संभाषण यांत मोठी तफावत आढळली. आपण दिग्दर्शन करीत नाही असे मानणारे विद्यार्थी प्रत्यक्षात किती प्रश्न विचारतात, कोठे सल्ला देतात, कोठे विषय बदलतात हे त्यांचे त्यांनाच ऐकावयास मिळाले. रॉजर्सचा सहकारी पोर्टर याच्या मोजणीत, दिग्दर्शक पद्धतीचा उपचारक अदिग्दर्शक पद्धतीच्या उपचारकाच्या जवळजवळ सहापट शब्द बोलतो, असे दिसून आले.

या घटनेचा अर्थ व्यापक आहे. उपचारकाचे वाक्य हे प्रथमच तपासणीयोग्य वस्तू बनले. ते कोणत्या वाक्यानंतर आले, त्यापुढे काय घडले, हे कोणालाही पुन्हा पाहता येऊ लागले. १९६० साली पिटेंजर, हॉकेट आणि डेनेही या तिघांनी एका मानसोपचार-मुलाखतीच्या केवळ पहिल्या पाच मिनिटांवर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला. त्यांपैकी चार्ल्स हॉकेट हा भाषाशास्त्रज्ञ होता. ती मुलाखत रॉजर्सची नव्हती. पण असा अभ्यास संभवनीय होण्यासाठी लागणारी शिस्त घडविण्यात ओहायोतील त्या तबकड्यांचा वाटा होता, यात शंका नाही.

३. पद्धतीची तत्त्वे

१९४५ ते १९५७ या काळात रॉजर्स शिकागो विद्यापीठात होता. १९५१ मध्ये ‘क्लायंट-सेंटर्ड थेरपी’ हा त्याचा ग्रंथ आला. १९५७ साली लिहिलेल्या एका सुप्रसिद्ध निबंधात त्याने उपचारात्मक परिवर्तनासाठी आवश्यक आणि पुरेशा अशा सहा अटी मांडल्या. दोन व्यक्तींत मानसिक संपर्क असावा. त्यांपैकी साहाय्यार्थी हा विसंगतीच्या, म्हणजे अनुभव आणि स्वप्रतिमा यांच्या ताटातुटीच्या, अवस्थेत असावा. उपचारक त्या संबंधात सुसंगत, म्हणजे आत एक व बाहेर एक असा नसावा. त्याला साहाय्यार्थीविषयी विनाअट आदर वाटावा. साहाय्यार्थीच्या अनुभवविश्वाचे त्याला आतून, समानुभूतीने आकलन व्हावे. आणि हा आदर व हे आकलन निदान काही प्रमाणात तरी साहाय्यार्थीपर्यंत पोहोचावे.

यांतील मधल्या तीन अटींची चर्चा सर्वत्र होते. सहावी अट मात्र बहुधा दुर्लक्षित राहते. आणि भाषेच्या दृष्टीने तीच कळीची आहे. उपचारकाच्या मनात कितीही आदर असला तरी तो पोहोचला नाही तर व्यर्थ. तो पोहोचण्याचे मार्ग म्हणजे शब्द, स्वर, विराम आणि मौन.

समानुभूती आणि सहानुभूती यांतील भेदही येथे स्पष्ट केला पाहिजे. मराठीत ‘सहानुभूती’ या शब्दाला कणवेची छटा आली आहे. सहानुभूती दाखविणारा काठावर उभा असतो. समानुभूतीत दुसऱ्याचे जग जणू आपले असल्याप्रमाणे पाहावयाचे असते. परंतु त्यातील ‘जणू’ कधीही विसरावयाचे नसते. ते विसरले तर उपचारक साहाय्यार्थीच्या दुःखात बुडतो आणि दोघांनाही काठ उरत नाही.

रॉजर्सने ही तत्त्वे केवळ मांडली नाहीत, त्यांची परीक्षाही घेतली. १९५४ मध्ये त्याने व रोझालिंड डायमंडने संपादित केलेल्या ग्रंथात शिकागो येथील संशोधन आले आहे. साहाय्यार्थींनी ‘मी आहे तसा’ आणि ‘मी असावे तसा’ अशी आपली दोन वर्णने एकाच विधानसंचाची क्रमवारी लावून केली. उपचारापूर्वी या दोन वर्णनांतील सरासरी सहसंबंध जवळजवळ शून्य होता; उपचारानंतर तो सुमारे ०·३४ झाला. या प्रकारच्या कार्याबद्दल अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने १९५६ मध्ये त्याला शास्त्रीय योगदानाचे पारितोषिक दिले.

पुढील अनुभव इतका अनुकूल नव्हता. १९५७ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात गेल्यावर त्याने छिन्नमनस्कतेच्या रुग्णांवर याच पद्धतीचा दीर्घ प्रयोग केला. त्याचा वृत्तांत १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. उपचार मिळालेला गट व न मिळालेला गट यांत एकंदरीने अपेक्षित फरक दिसला नाही. सहा अटी ‘पुरेशा’ आहेत हा दावा सर्व प्रकारच्या मनोविकारांना सरसकट लागू करता येणार नाही, हे त्यावरून ध्यानात येते.

४. परावर्तन : वाक्याचे स्वरूप

रॉजर्सच्या पद्धतीची सर्वांत परिचित खूण म्हणजे ‘परावर्तन’. साहाय्यार्थी जे बोलला त्यातील भावार्थ उपचारकाने स्वतःच्या शब्दांत त्याच्यापुढे ठेवावयाचा. प्रश्न नाही, निदान नाही, सल्ला नाही. वरवर पाहता ही पोपटपंची वाटते आणि तशी तिची थट्टाही पुष्कळ झाली. परंतु या वाक्याची घडण तपासली असता निराळेच काही हाती लागते.

विल्यम लबॉव्ह आणि डेव्हिड फॅन्शेल यांनी १९७७ साली मानसोपचारातील संभाषणावर लिहिलेल्या ग्रंथात याची गुरुकिल्ली सापडते. संभाषणात ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन व्यक्ती असतील, तर काही गोष्टी अ-च्या माहितीच्या असतात, काही ब-च्या, तर काही दोघांच्याही. ब-च्या माहितीतील गोष्टीविषयी अ-ने साधे विधान केले, तर व्याकरणाने ते विधान असले तरी व्यवहारात ते पुष्टीची विनंती ठरते. ‘तुम्ही काल पुण्याला गेला होता,’ असे कोणी म्हटले, की ऐकणारा ‘हो’ किंवा ‘नाही, परवा’ असे उत्तर देतोच. प्रश्नचिन्ह नसतानाही तो प्रश्न असतो. कारण ती माहिती ज्याची, तोच तिचा निर्णेता.

रॉजर्सचे परावर्तन हे या जातीचे वाक्य आहे. ‘ती माणसे निघून गेल्यावर तुम्हाला सुटल्यासारखे वाटले, आणि तसे वाटल्याची लाजही वाटली,’ हे वाक्य साहाय्यार्थीच्या मनातील गोष्टीविषयी आहे. म्हणून त्याला मान्यता देण्याचा वा ते नाकारण्याचा अधिकार साहाय्यार्थीकडेच राहतो. याउलट, ‘तुम्हाला लाज वाटते ती वस्तुतः वडिलांविषयीच्या रागामुळे,’ असे म्हणणारा अर्थनिर्णयवादी उपचारक, ब-च्या मनातील गोष्ट आपल्याला ब-पेक्षा अधिक ठाऊक आहे, असा दावा करीत असतो. त्यापुढे साहाय्यार्थीने ‘नाही’ म्हटले, तर त्या ‘नाही’चाही अर्थ उपचारकच लावतो. या दोन वाक्यांतील फरक सौम्य-कठोर असा नाही. तो अधिकाराचा आहे.

रॉजर्सला स्वतःला हे पूर्ण जाणवले होते. १९७५ सालच्या एका निबंधात त्याने लिहिले आहे, की परावर्तन हे तंत्र म्हणून शिकविले जाऊ लागल्यावर त्याचे इतके विडंबन झाले, की समानुभूतीने ऐकण्याविषयी बोलणेच त्याने कित्येक वर्षे टाळले. १९८६ मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, त्याने आणखी स्पष्ट खुलासा केला : आपण भावना परावर्तित करीत नसतो, आपले आकलन बरोबर आहे किंवा नाही, हे पडताळून पाहत असतो. आरसा चुकत नाही. आकलन चुकू शकते. चुकण्याची शक्यता उघडी ठेवणे हाच या वाक्याचा प्राण होय.

५. दोन आक्षेप

पहिला आक्षेप चार्ल्स ट्रूऑक्सच्या संशोधनातून पुढे आला. १९६६ साली त्याने रॉजर्सनेच केलेल्या एका दीर्घ व यशस्वी उपचाराच्या ध्वनिमुद्रणांतील निवडक भाग तपासले. रॉजर्सचा स्वीकार व समानुभूती सर्व प्रकारच्या बोलण्याला सारखी मिळत नसून काही प्रकारच्या बोलण्याला अधिक मिळते, आणि अशा बोलण्यापैकी बरेचसे उपचाराच्या ओघात वाढत जाते, असे त्याला आढळले. तात्पर्य, अदिग्दर्शक पद्धतीतही एक अबोल दिग्दर्शन असतेच. हा आक्षेप ज्या पुराव्यावर उभा आहे तो पुरावा रॉजर्सनेच खुला केला होता, हे त्याच्या प्रामाणिकपणाचे गमक म्हटले पाहिजे. आक्षेपाने पद्धती कोलमडत नाही. परंतु ‘आपण काहीच सुचवीत नाही’ हा उपचारकाचा भाबडा समज मात्र टिकत नाही.

दुसरा आक्षेप एका यंत्राने घेतला असे म्हणता येईल. १९६६ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील जोसेफ वायझेनबॉम याने ‘एलायझा’ नावाचा संगणक-कार्यक्रम प्रसिद्ध केला. हे नाव शॉच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकातील नायिकेचे. त्याच नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी ‘ती फुलराणी’ रचले, त्यामुळे मराठी वाचकाला ती अपरिचित नाही. एलायझाची सर्वांत गाजलेली भूमिका रॉजर्सपंथी उपचारकाची होती. वाक्यातील ठळक शब्द हेरावयाचा, ‘माझे’च्या जागी ‘तुमचे’ घालावयाचे आणि वाक्य परत करावयाचे, एवढेच ते यंत्र करी. ही भूमिका निवडण्याचे कारण वायझेनबॉमने सांगितले आहे : जगाविषयी काहीच ठाऊक नसल्याचे दाखवूनही ज्यात संभाषण चालू ठेवता येते असा हा एक विरळा प्रकार आहे. पण लोक त्या यंत्राशी मन मोकळे करू लागले. कार्यक्रम घडताना पाहिलेल्या त्याच्या चिटणीस बाईंनीही काही वेळाने त्याला खोलीबाहेर जाण्यास सांगितले, असे त्याने १९७६ च्या आपल्या ग्रंथात नमूद केले आहे. या अनुभवाने तो अस्वस्थ झाला आणि माणसाची कोणती कामे यंत्राकडे सोपवू नयेत, याचा विचार त्याने त्या ग्रंथात मांडला.

आज एलायझापेक्षा कितीतरी कुशल यंत्रे संभाषण करतात. त्यामुळे हा प्रश्न अधिकच निकडीचा झाला आहे. परावर्तन हे जर केवळ वाक्यरूप असेल, तर यंत्र ते करू शकते आणि रॉजर्सची पद्धती तेथेच संपते. पण वर दाखविल्याप्रमाणे ते वाक्यरूप नसून पडताळा आहे. पडताळा घेणाऱ्याचे स्वतःचे असे काही आकलन असावे लागते, ते चुकीचे ठरल्यास बदलावे लागते, आणि ते बदलल्याचे दुसऱ्याला जाणवावे लागते. एलायझाला यातील काहीच नव्हते. ‘नाही, तसे नाही,’ असे म्हटल्यावर समोरच्याच्या ठायी काय घडते, हीच माणसाच्या आणि यंत्राच्याही परावर्तनाची खरी कसोटी होय.

६. मराठीतील व्यवहार

महाराष्ट्रात अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ उपचारपद्धती ही रॉजर्सच्या पद्धतीपेक्षा अधिक परिचित आहे. तथापि ऐकण्याचे प्रशिक्षण देताना बहुतेक सर्व ठिकाणी आधार रॉजर्सचाच घेतला जातो. ते प्रशिक्षण इंग्रजी पाठ्यपुस्तकांतून होते आणि प्रत्यक्ष काम मराठीत करावयाचे असते. दोन भाषांतील भेद येथे आड येतो. पुढील उदाहरणे स्पष्टीकरणासाठी रचलेली आहेत.

पहिला भेद शक्य क्रियापदांचा. ‘मला घरी जाववत नाही,’ असे एखादी विवाहिता म्हणते. ‘जाववत नाही’ यात जाण्याची इच्छा नाही असे नाही, आणि वाटेत कोणी अडविले आहे असेही नाही. पाऊल उचलण्याचे बळ आतूनच सरले आहे, असा त्याचा भाव आहे. यावर ‘म्हणजे तुम्हाला घरी जायचे नाही,’ असे परावर्तन केले, तर असामर्थ्याचे रूपांतर अनिच्छेत होते आणि बोलणारीच्या पदरी नकळत एक आरोप पडतो. ‘घरी जाता येत नाही’ म्हटले, तर दोष परिस्थितीकडे जातो. जाववणे, बोलवणे, बघवणे या रूपांत मराठीने जी सूक्ष्म छटा जतन केली आहे, ती इंग्रजी साच्यातून विचार करणाऱ्या उपचारकाच्या हातून सहज निसटते. दामल्यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’तील (१९११) शक्य क्रियापदांचे विवेचन उपचारकानेही वाचण्याजोगे आहे.

दुसरा भेद अनुभवकर्त्याच्या चतुर्थीचा. ‘मला राग आला’ आणि ‘मी रागावलो’ ही वाक्ये व्यवहारात एकमेकांच्या जागी चालतात. उपचारात ती एक नाहीत. पहिल्यात राग येणारा आहे आणि माणूस त्याचे ठिकाण आहे; दुसऱ्यात माणूस कर्ता आहे. साहाय्यार्थी पहिले वाक्य बोलत असता उपचारकाने दुसरे परत केले, तर कर्तेपणाची जबाबदारी त्याने स्वीकारण्याआधीच त्याच्यावर टाकली जाते. पुढे केव्हा तरी साहाय्यार्थी आपण होऊन ‘मी रागावलो’ असे म्हणू लागला, तर तो बदल मोलाचा; पण तो त्याच्याकडून यावयास हवा.

तिसरा भेद ‘आपण’ या सर्वनामाचा. ‘आपण कितीही केले तरी कोणाला त्याचे काही नसते,’ या वाक्यातील ‘आपण’ म्हणजे बोलणारा, की सारी माणसे, की ऐकणाराही? या संदिग्धतेत बोलणारा आडोसा शोधत असतो. उपचारकाने तत्काळ ‘तुम्ही कितीही केले तरी’ असे म्हटले, तर आडोसा ओढून घेतला जातो. ‘आपण’च ठेवले, तर उपचारक स्वतःलाही त्यात गोवतो. कोणते केव्हा योग्य, याचा नियम नाही. मात्र निवड झाली आहे याची जाणीव हवी.

शेवटचा मुद्दा संमतीचा. मराठीत विधानाच्या अंती ‘ना’ जोडला, की उत्तर जवळजवळ ठरून जाते : ‘तुम्हाला एकटे वाटते ना?’ समोरचा माणूस उपचारकाला ‘डॉक्टर’, ‘सर’ किंवा ‘मॅडम’ म्हणत असतो. वडीलधाऱ्या वा शिकलेल्या माणसाला तोंडावर ‘नाही’ म्हणणे त्याच्या वळणात बसत नाही. अशा ‘हो’ला पुष्टी समजणे धोक्याचे आहे. खरी पुष्टी ‘हो’ या शब्दात नसून त्यानंतर येणाऱ्या बोलण्यात असते. ‘हो’ म्हणून माणूस थांबला, तर त्याने आदर राखला. ‘हो, आणि शिवाय...’ असे म्हणून तो पुढे गेला, तर आकलन जुळले. आणि ‘तसे नाही, पण...’ असे म्हणण्याचे धैर्य त्याला झाले, तर उपचाराचा संबंध खऱ्या अर्थाने प्रस्थापित झाला, असे समजावे.

७. समारोप

रॉजर्सवर असाही आरोप होतो, की माणूस उत्तर मागत असता तो देत नाही. १९६४ मध्ये चित्रित झालेल्या त्याच्या प्रसिद्ध मुलाखतीत ग्लोरिया नावाची साहाय्यार्थी, आपल्या लहान मुलीशी खरे बोलावे की नाही, याचे उत्तर त्याच्याकडे वारंवार मागते. रॉजर्स ते देत नाही. पण प्रश्न टाळतही नाही. तिला उत्तर हवे आहे हे तो ओळखतो, आणि इतक्या खाजगी प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या कोणी देता येण्याजोगे नाही, हे तिला सांगतो. मौन आणि उपदेश यांच्या दरम्यान अशी एक जागा आहे, हे दाखवून देणे हीच त्याची कामगिरी होय. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी त्याचे निधन झाले.

‘रुग्ण’ हा शब्द सोडून ‘क्लायंट’ हा शब्द त्याने पत्करला, तो माणसाचा निर्णयाधिकार राखण्यासाठी. मराठीत याला ‘सल्लार्थी’ असा पर्याय योजला जातो. पण तो ‘समुपदेशना’च्याच मार्गाने जातो, कारण सल्ला मागावयास आलेला माणूस हे त्याचे गृहीत आहे. ‘साहाय्यार्थी’ हा त्या मानाने कमी सदोष आहे. वकिलीच्या व्यवहारातला ‘अशील’ हा शब्द कोर्टकचेरीच्या संदर्भामुळे येथे चालणार नाही. परंतु त्याची व्युत्पत्ती उद्बोधक आहे. तो अरबी ‘असील’वरून, म्हणजे ‘अस्सल’ ज्या धातूपासून आला त्याच धातूपासून, आला आहे. अशील म्हणजे मूळ माणूस, खुद्द धनी. वकील हा त्याच्या वतीने बोलणारा.

‘समुपदेशन’ ही संज्ञा आता बदलणे व्यवहार्य नाही, आणि त्याची तितकी निकडही नाही; रूढ शब्द पुष्कळदा व्युत्पत्तीवर मात करतात. मात्र या व्यवसायासाठी विद्यार्थी तयार करणाऱ्या विभागांनी एवढे अवश्य करावे, की मराठी मुलाखतींचे, साहाय्यार्थीच्या संमतीने व त्याची ओळख गुप्त राखून, ध्वनिमुद्रण करावे आणि त्यांतील एकेक वाक्य मानसशास्त्राच्या व भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी एकत्र बसून तपासावे. ‘जाववत नाही’चे ‘जायचे नाही’ कोठे झाले, हे ऐकल्यावाचून कळत नाही.